भटजी खरा की खोटा, हे ठरवायला सरकार कशाला?

चहाला उकळी येईपर्यंत निखिल धर्मगुरू झाला. आमच्या ओट्याला टेकून त्याने फोनवर नाव, पत्ता, ईमेल भरला, एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "मावशी, झालो." मी आलं किसत होते. काय झालास, विचारलं तर म्हणे, रेव्हरंड. परीक्षा नाही, मुलाखत नाही, श्रद्धा कशावर आहे असा प्रश्न नाही, पैसेही नाहीत. छापील प्रमाणपत्र हवं असेल तर तेवढं विकत. हा मुलगा पिट्सबर्गात रोबोंचे हात बनवतो आणि गणपतीत आरतीच्या दुसऱ्या कडव्यापासून नुसते ओठ हलवतो.

त्याने हे उद्योग केले ते मुक्तासाठी. मुक्ता माझ्या नाशिकच्या मैत्रिणीची मुलगी, निखिलची कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचं डॅनियलशी लग्न ठरलं होतं. डॅनियलच्या घरी चर्चला जाणारं कुणी उरलेलं नाही. मुक्ताच्या आईला अंतरपाट हवा होता, मंगलाष्टकं हवी होती, आणि ती इंग्रजीत समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. न्यू जर्सीचे जे भटजी आम्ही नेहमी बोलावतो त्यांच्याकडे त्या शनिवारी आधीच दोन लग्नं होती. मग मुक्ताच म्हणाली, आमची भांडणं ज्याने सोडवली त्यानेच लग्न लावावं. मला हे मनापासून पटलं.

मग तिने परवान्यासाठी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात फोन केला. पेनसिल्व्हेनियात लग्नाचा परवाना 'ऑर्फन्स कोर्टा'च्या कारकुनाकडून घ्यावा लागतो. अनाथांचं न्यायालय! (यावर मुक्ताच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर जो विनोद केला तो इथे नको.) फोनवरच्या बाईंनी विचारलं, लग्न कोण लावणार? मित्र, ऑनलाइन दीक्षा घेतलेला. त्यावर बाई म्हणाल्या, परवाना मिळेल, पण असं लग्न पुढे टिकेल की नाही ते आम्ही सांगू शकत नाही, वकिलाला विचारा. चालतं का? सांगता येत नाही. चालत नाही का? तेही सांगता येत नाही. मुक्ता एच-वन-बी व्हिसावर आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं लग्न मानतं ते जिथे लागलं तिथल्या कायद्याने वैध असेल तर. म्हणजे तिचं ग्रीन कार्ड, विमा, उद्या डॅनियलला काही झालं तर दवाखान्यात सही करण्याचा हक्क, असा सगळा डोलारा निखिलच्या त्या चौकोनातल्या खुणेवर उभा राहणार.

त्या बाईंची चूक नव्हती. त्या राज्यात खरोखरच कुणाला खात्रीने सांगता येत नाही. कायदा लग्न लावण्याचा अधिकार न्यायाधीशांना, महापौरांना आणि 'रीतसर स्थापन झालेल्या चर्चच्या किंवा मंडळीच्या' मिनिस्टर, प्रीस्ट, रब्बाय अशा धर्मगुरूंना देतो. मराठी ख्रिस्ती लोक काँग्रिगेशनला 'मंडळी' म्हणतात, तोच शब्द वापरते. २००७ मध्ये यॉर्क काउंटीच्या न्यायाधीशांनी मित्राने लावलेलं एक लग्न रद्द ठरवलं. कारण काय, तर ऑनलाइन दीक्षा घेतलेल्या त्या मित्राला ना चर्च होतं ना मंडळी. त्यानंतर काही कार्यालयांनी अशा जोडप्यांना परत एकदा, नीट लग्न करून घ्या, असा सल्ला द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, गाडीने दोन-अडीच तासांवर असलेल्या बक्स काउंटीच्या न्यायाधीशांनी तशाच प्रकारचं लग्न वैध ठरवलं. एकच राज्य, एकच कलम, आणि तुम्ही नवराबायको आहात की नाही हे तुमच्या गावावर अवलंबून.

आता 'रीतसर स्थापन झालेली मंडळी' या कसोटीवर आमच्या न्यू जर्सीच्या भटजींना उभं करा. सोमवार ते शुक्रवार ते एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळतात. शनिवारी गाडीच्या डिकीत सोवळं, समिधांची पिशवी आणि घडीचं हवनकुंड. पौरोहित्य वडिलांकडून शिकले. त्यांना दीक्षा कुणी दिली? कुणीच नाही. मुंज झाली होती, पण ती तर माझ्या नवऱ्याचीही झाली होती. हिंदूंत बिशप नाही, भटजींची नोंदवही नाही, अमुक देवळाचा भटजी म्हणजे अमुक मंडळीचा पाळक अशी रचना नाही. यजमान बोलावतो, भटजी येतो, दक्षिणा घेतो, जातो. त्यांनी एका देवळाकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलंय आणि ते गाडीच्या खणात विम्याच्या कागदांशेजारी ठेवलंय. मी एकदा विचारलं तेव्हा हसले. म्हणाले, वहिनी, मंत्र कुणी विचारत नाही, पत्र विचारतात.

म्हणूनच आपल्याकडची माणसं ऑनलाइन दीक्षेला नावं ठेवतात तेव्हा मला गंमत वाटते. "हा काय पोरखेळ," हे मी मंडळाच्या दिवाळीत कितीदा ऐकलंय. असेलही पोरखेळ. पण निखिलला अडवण्यासाठी जी चाळण लावाल तिच्यात निखिलच्या आधी भटजी अडकतील. खरा पुरोहित कोण याची अमेरिकी कायद्यातली व्याख्या चर्चकडे बघून शिवलेली आहे. तो अंगरखा आपल्या अंगाला कधी बसलाच नाही, इतकी वर्षं कुणी ताणून बघितला नाही एवढंच.

ऑनलाइन दीक्षा ही काही इंटरनेटची पैदास नव्हे. कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावी कर्बी हेन्स्ली नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या धर्मोपदेशकाने १९६२ मध्ये युनिव्हर्सल लाइफ चर्च नोंदवलं. तत्त्व एवढंच, की योग्य ते करा; आणि योग्य काय ते ज्याचं त्याने ठरवावं. मागेल त्याला दीक्षा, तीही टपालाने. करवाल्यांनी आक्षेप घेतला तेव्हा १९७४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने सांगितलं, की एखाद्या धर्माची शिकवण शहाणपणाची आहे की वेडगळ हे तोलणं न्यायालयाचं काम नाही. पुढे फाटाफूट होऊन सिएटलला त्याच नावाची आणखी एक संस्था उभी राहिली. आजवर दोन कोटींहून जास्त लोकांना दीक्षा दिली असा तिचा दावा आहे. आकडा त्यांचा, मी फक्त सांगते. पण आमच्या ओळखीतल्या तिशीतल्या मुलांपैकी तीन जण तरी रेव्हरंड आहेत, आणि तिघांनीही नंतर कधी त्या संस्थेचं पान उघडलेलं नाही.

या लग्नांवर खटले झाले ते कसे, हे बघण्यासारखं आहे. १९८० चा नॉर्थ कॅरोलायनाचा खटला घ्या. पहिली बायको असताना दुसरी केली म्हणून एका माणसाला शिक्षा झाली. तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सुटला! का? तर त्याचं पहिलं लग्न लावणारा गृहस्थ साधा कॅथलिक प्रापंचिक होता, दहा डॉलर पाठवून टपालाने याच युनिव्हर्सल लाइफ चर्चचा मिनिस्टर झालेला. सरकारी पक्षाला पहिलं लग्न वैध होतं हे सिद्ध करता आलं नाही. आणि पहिलंच नाही, तर दुसरं कसलं? निकाल आला आणि त्या राज्यात अशी लग्नं केलेल्या घरांत काय वाटलं असेल याची कल्पना करा. कालपर्यंतची बायको आज कोण? अखेर १९८१ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ३ जुलै १९८१ पूर्वी त्या चर्चच्या मिनिस्टरांनी लावलेली लग्नं, न्यायालयाने आधीच रद्द केलेली सोडून, पक्की करून टाकली. त्या तारखेनंतरच्यांचं काय, याचं उत्तर मात्र तसंच लोंबकळत राहिलं.

व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये या मिनिस्टरांना लग्न लावण्याचा अधिकार नाकारला. न्यूयॉर्कच्या एका अपिली न्यायालयाने १९८९ मध्ये असं लग्न रद्दबातल ठरवलं. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नेमका उलटा कौल दिला. मी वकील नाही, पण मिळेल तेवढे निकाल वाचून काढले, आणि एक गोष्ट डोळ्यांत भरली. मांडवात कुणीच विचारत नाही की अहो, तुमचं दीक्षापत्र दाखवा. प्रश्न निघतो घटस्फोटाच्या वेळी, वारसाहक्काच्या वेळी, दुसरी बायको केल्याचा गुन्हा अंगाशी येतो त्या वेळी. म्हणजे ज्याला देणं द्यायचं नाही तो दहा वर्षांनी उठून म्हणतो, आपलं लग्न लावणारा खोटा होता, सबब आपलं लग्नच नव्हतं. पुरोहिताच्या शुद्धतेचा हा नियम ज्याच्या हाती आयतं हत्यार देतो तो धर्मनिष्ठ माणूस नसतो, सटकू पाहणारा असतो. आणि मार बसतो तो ज्या जोडीदाराने विश्वासाने संसार केला त्याला.

राज्यांनी दार बंद करून पाहिलं. यूटाने २००१ मध्ये इंटरनेटवर किंवा टपालाने दीक्षा घेतलेल्यांना मनाई केली. पुढच्याच वर्षी केंद्रीय न्यायालयाने ती मोडीत काढली, कारण समोरासमोर किंवा फॅक्सने दिलेली दीक्षा चालते आणि टपालाने दिलेली चालत नाही यात तर्क कुठला? (फॅक्सवरची दीक्षा! तिचा आवाज कसा येत असेल?) टेनेसीने १ जुलै २०१९ पासून तसाच कायदा केला आणि त्याच उन्हाळ्यात केंद्रीय न्यायाधीशांनी त्याच्या अंमलबजावणीला लगाम घातला. पुढची लढाई वर्षानुवर्षं अपिलात रेंगाळली. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्तीच सांगते की सरकारने धर्माच्या भानगडीत पडू नये. मग काउंटीच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाने हा मिनिस्टर खरा आणि हा खोटा हे ठरवायचं तरी कशाच्या आधारावर?

विरोधकांचं म्हणणं मात्र सगळंच टाकाऊ नाही. पहिला मुद्दा गांभीर्याचा. लग्न म्हणजे वाढदिवसाची पार्टी नव्हे, ते लावणाऱ्याला त्याचं वजन कळायला हवं. कबूल. पण वजन कळण्याचा आणि दीक्षेचा संबंध मला तरी दिसलेला नाही. तासाला एक या हिशेबाने मुहूर्त उरकणारे, मंगलाष्टकांच्या मधोमध "फोटोवाले, जरा बाजूला" म्हणणारे अस्सल पुरोहित आपण सगळ्यांनी पाहिलेत. निखिलने मुक्ताच्या लग्नात काय बोलायचं याचे चार खर्डे केले, आणि दोन माझ्या डोळ्यांदेखत फाडले.

दुसरा मुद्दा जबरदस्तीचा, अल्पवयीन मुलींचा. हा खरा गंभीर. पण ओळखपत्र, वय, आधीच्या घटस्फोटाचे कागद हे सगळं परवाना देताना काउंटीच्या कार्यालयात तपासलं जातं. पेनसिल्व्हेनियात त्यानंतर तीन दिवस थांबावंही लागतं. मुलगी घाबरलेली आहे का हे ओळखायचं तर ती जागा तिथे आहे, सरकारी खिडकीशी, जिथे तिला एकटीला बाजूला घेऊन विचारता येईल. दोनशे पाहुण्यांसमोर, बँड वाजत असताना, पुरोहिताने ते ओळखावं ही अपेक्षाच चुकीची. आणि जिथे जबरदस्ती होते तिथे पुरोहित बहुधा घरच्यांचाच असतो.

तिसरा मुद्दा कुणी फारसा मांडत नाही, पण मला तोच सगळ्यांत खरा वाटतो. मित्र विसरतात. लग्न लागल्यावर परवान्यावर सही करून तो कार्यालयाला परत पाठवणं हे लग्न लावणाऱ्याचं काम. न्यूयॉर्कमध्ये त्याला पाच दिवस मिळतात, पेनसिल्व्हेनियात दहा. धंदेवाईक भटजी किंवा पाद्री हे सवयीने करतो. मित्र रात्री दोनपर्यंत नाचतो, सकाळच्या विमानाने परत जातो, आणि कागद त्याच्या सुटाच्या आतल्या खिशात धुलाईच्या दुकानात पोचतो. माझ्या ऐकण्यातल्या एका जोडप्याला दोन महिन्यांनी नाव बदलायला गेल्यावर कळलं की दफ्तरी त्यांचं लग्न झालेलंच नाही. धर्मापेक्षा टपाल महत्त्वाचं, हे तेव्हा पटलं.

हे सगळं वाचताना मला सारखी घरची आठवण येत होती. आपल्याकडे या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो नेमका उलट्या दिशेने चाललेला. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, भटजीशिवाय, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. जोतीरावांनी पुढे जी मंगलाष्टकं रचली त्यांत नवरानवरीच एकमेकांना वचनं देतात, मध्ये दलाल नाही. त्या काळी गावचा जोशी वतनदार असे. तुम्ही त्याला बोलावलं नाहीत तरी दक्षिणा त्याची, आणि न दिल्यास तो कोर्टात जाई. भटजी नको म्हणण्याचा हक्क मिळवायला मुंबई इलाख्याला १९२६ मध्ये कायदा करावा लागला, की न बोलावलेल्याला मानधन मागता येणार नाही. पुण्यात बायका पौरोहित्य करू लागल्या त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, आणि ज्ञानप्रबोधिनी जात-लिंग न बघता पुरोहित तयार करते.

हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम काढून वाचा, त्यात पुरोहित हा शब्दच सापडणार नाही. दोघांपैकी कुणाच्याही रूढीचे विधी करा, आणि सप्तपदी त्यात असेल तर सातव्या पावलाला लग्न पूर्ण. माझ्या भाचीचं लग्न पुण्यात तिच्या संस्कृतवाल्या मैत्रिणीने लावलं. विवाहनोंदणीच्या नमुना 'ड' मध्ये पुरोहिताच्या रकान्यात त्या मैत्रिणीने सही ठोकली. खिडकीवर तिचं आधार कार्ड मागितलं, दीक्षा नाही.

म्हणजे आपण पुढारलेले का? थांबा. आपण माणसाची चौकशी सोडली आणि विधीची धरली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलाच एक खटला होता. पहिली बायको असताना एकाने गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. मंगलाष्टकं झाली, कपाळाला कपाळ लावलं. पण होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्यावाचून चालतं अशी रूढी सिद्ध झाली नाही. तेव्हा दुसरं लग्न हे लग्नच नव्हे, आणि आरोपी निर्दोष. नॉर्थ कॅरोलायनाच्या त्या निकालाशेजारी हा ठेवून बघा. तिकडे पहिलं लग्न कच्चं निघालं म्हणून माणूस सुटला, इकडे दुसरं. तिकडे विचारलं, कोणी लावलं? इकडे विचारलं, काय काय केलं? दोन्हीकडे नवरा मोकळा झाला आणि दोन्हीकडे बायकांना कुणी काही विचारलं नाही. २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की विधी न करता नुसती नोंदणी केली तर ते हिंदू लग्न होत नाही. कारणं मला समजतात, व्हिसासाठी कागदोपत्री लग्न उरकणारे असतातच. तरी पण अग्नीभोवतीची पावलं मोजणारं न्यायालय मला अवघडल्यासारखं वाटतं. तमिळनाडूने १९६७ च्या दुरुस्तीने यातून वाट काढली. नातेवाइकांच्या, मित्रांच्या समोर एकमेकांना हार घाला, अंगठी घाला, किंवा ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, बांधा, झालं लग्न. पुरोहित लागतो असं त्या कलमात कुठेच नाही, आणि आधी झालेल्या तसल्या लग्नांनाही त्यात सामावून घेतलं.

आणि निखिलने हाच चौकोनात खूण करण्याचा उद्योग भारतात, एखाद्या ख्रिस्ती मैत्रिणीच्या लग्नासाठी केला असता तर? १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा अजून जागा आहे. अधिकार नसताना ख्रिस्ती लग्न लावणाऱ्याला त्यात दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला.

वास्तविक त्याच ख्रिस्ती परंपरेत, कॅथलिकांच्याही, लग्नाचा संस्कार नवरानवरी एकमेकांना देतात आणि पाद्री मंडळीतर्फे साक्षीला उभा असतो, असं मानतात. १५६३ च्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पाद्रीची हजेरी सक्तीची केली ती चोरून झालेली लग्नं नंतर नाकारली जात म्हणून. म्हणजे मुळात ती पुराव्याची सोय होती. नोंदवह्या चर्चमध्येच असत, तेव्हा हे ठीक होतं. आता नोंदवही सरकारकडे आहे. मग पुराव्याचं काम सरकारने स्वतः करावं आणि संस्काराचं काम ज्याचं त्याच्यावर सोडावं, हे इतकं अवघड का वाटतं? गोव्यात पोर्तुगीज काळापासून माणसं सिव्हिल रजिस्ट्रारपुढे सह्या करतात. कायद्याचं लग्न तिथे पक्कं होतं. मग देवळात जा, नाहीतर हॉलवर, लग्न कोण लावतो याच्याशी रजिस्ट्रारला देणंघेणं नाही. चर्चमधल्या लग्नांचे नियम थोडे निराळे आहेत, पण सहीची जागा कुठे आहे हे गोव्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

अमेरिकेत तेवढी मोडतोडही करावी लागणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरकडे अर्ज करून एका दिवसापुरता, एका लग्नापुरता अधिकार मिळतो. न्यूयॉर्कने २०२३ पासून तसंच दार उघडलं, पंचवीस डॉलर भरा, तुमची आत्या किंवा शेजारी त्या दिवसापुरती लग्न लावू शकते. म्हणजे धर्मगुरू असल्याचं सोंग घ्यायची गरज नाही. मला ऑनलाइन दीक्षेचं एवढंच खुपतं, की ती माणसांना खोटं बोलायला लावते. निखिलला रेव्हरंड व्हायचं नव्हतं, त्याला मुक्ताचं लग्न लावायचं होतं. मित्र म्हणून ते लावायची सोय पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात नाही, म्हणून त्याने धर्माचं दार ढकललं. दार ढकलणाऱ्याला नावं ठेवण्याऐवजी शेजारचं दार उघडा. आणि व्हर्जिनियाच्या कायद्यात एक चांगलं कलम आहे ते सगळ्यांनी उचलावं: परवाना घेऊन, दोघांपैकी एकाने तरी मनापासून खरं मानून केलेलं लग्न, लावणाऱ्याला अधिकार नव्हता एवढ्याच कारणाने बुडत नाही. भटजीच्या चुकीचा दंड नवरानवरीने का भरावा?

कोलोरॅडो तर म्हणतं, कुणीच नको, जोडप्याने आपलं आपण लग्न लावून घ्यावं. आणि पेनसिल्व्हेनियात, अनाथांच्या न्यायालयाच्या त्याच खिडकीवर, ही सोय पहिल्यापासून पडून आहे हे आम्हाला वकिलाने सांगितलं. हे राज्य विल्यम पेनने वसवलं, तो क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचा. क्वेकरांत पुरोहितच नसतो. सभेत दोघं उभी राहतात, एकमेकांना वचन देतात, बाकीचे सह्या करतात. त्यांच्यासाठी इथे 'सेल्फ-युनायटिंग' परवाना आहे. लग्न लावणाऱ्याचा रकाना नाही, दोन साक्षीदारांचे आहेत. पिट्सबर्गच्या काउंटीत पूर्वी खिडकीवर धर्म विचारून हा परवाना नाकारत. २००७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ते बंद केलं. सरकारने धर्म विचारायचा नाही, क्वेकर असा की नसा.

मुक्ताने तो परवाना घेतला. निखिलच्या रेव्हरंडकीची कायद्याला गरज उरली नाही, तरी त्याने उत्साहाने लग्न लावलं. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात अक्षता घेऊन 'सावधान' एकदा चुकीच्या जागी म्हटलं, त्यावर नाशिकहून आलेल्या आजींनी मोठ्याने दुरुस्ती केली. सप्तपदीची सातही पावलं मुक्ताच्या आईने मोजून घेतली, कारण भारतातल्या कागदांसाठी कुणी विचारलं तर. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराशी, केटररच्या ट्रॉलीवर कागद ठेवून सह्या झाल्या. मुक्ता, डॅनियल, मग साक्षीदार म्हणून डॅनियलची आत्या, आणि मी. निखिल बाजूला उभा राहून म्हणाला, माझी सही कुठे? कुठेच नाही रे, म्हटलं.

लिफाफा सोमवारी सकाळी मी स्वतः पोस्टात टाकला. त्याच्यावर सोडला नाही.